सोळा आण्यांचा ठिपका

रस्त्याच्या कडेला उभारलेल्या एखाद्या प्रचंड फलकाच्या अगदी जवळ जाऊन, नाक टेकेल की काय इतक्या अंतरावरून, त्याच्याकडे पाहत राहण्याची एक खोड मला अलीकडे जडली आहे. आणि साठी उलटून गेलेल्या, इस्त्रीचा सदरा घातलेल्या, एरवी सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने भर चौकात एखाद्या भावी नगरसेवकाच्या गालाशी असे तोंड नेऊन उभे राहावे, हे दृश्य जाणाऱ्या-येणाऱ्यांना चमत्कारिक वाटत असणार ह्याची मला कल्पना आहे. पण मी त्या गालाकडे पाहत नसतो. गाल तेथे उरलेलाच नसतो. दुरून जो तुकतुकीत, नुकतीच दाढी केलेला, शुभेच्छुकांच्या प्रेमाने किंचित सुजलेला गाल दिसत होता, तो जवळ जाताच विरून जातो आणि त्याच्या जागी आकाशी, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके, कोणी मोहरीची पुडी उधळावी तसे, पसरलेले दिसतात. चार शायांपलीकडे तेथे काही नसते. मग मी मागे सरतो. एक पाऊल, दोन पावले, तीन. आणि केव्हातरी ठिपक्यांचा पुन्हा गाल होतो. नेमक्या कोणत्या पावलाला तो होतो, हे पकडण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. ते पाऊल मला अद्याप सापडलेले नाही.

ही खोड मला लागली ती भाच्याच्या दुकानात. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीकडून आत वळणाऱ्या एका बोळात त्याचे फ्लेक्सछपाईचे दुकान आहे. दुकान कसले, दहा फूट रुंदीचे एक यंत्र आणि त्याच्या भोवती माणसांनी अंग चोरून वावरण्यापुरती उरलेली जागा. भिंतीला टेकून फ्लेक्सचे आणि व्हाइनिलचे रोल उभे. कोपऱ्यात आयलेट ठोकण्याचे हत्यार. वर दोन ट्यूबलाइट. आणि सर्वत्र भरून राहिलेला सॉल्व्हंट शाईचा तो उग्र वास, जो पहिल्या दिवशी डोके चढवतो आणि आठव्या दिवशी जाणवेनासा होतो. यंत्राचे हेड रुळावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे जात असते, आणि त्या घरघरीच्या तालावर, एका उंच स्टुलावर, माझ्या बहिणीचे यजमान बसलेले असतात. त्यांना मी पन्नास वर्षे दाजी म्हणत आलो. दाजी पेंटर. ह्या शहरातील किती दुकानांच्या पाट्या, किती कुस्ती-मैदानांच्या जाहिराती, किती ट्रकांच्या पाठीवरची गाय-वासरे त्यांच्या कुंचल्यातून उतरली ह्याचा हिशेब त्यांनी स्वतःही ठेवला नाही. ज्या यंत्राने त्यांच्या धंद्याचा घास घेतला, ते यंत्र त्यांच्याच मुलाने कर्ज काढून घरात आणले, आणि आता ते रोज सकाळी येऊन त्या यंत्राशेजारी बसतात. त्यात राग किती आणि कुतूहल किती, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

“मामा, मशीन चांगलं हाय,” भाचा एके दिवशी मला म्हणाला, “पण रिप खोटं बोलतंय.”

रिप म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हते, आणि जाणून घेण्याचे कारणही नव्हते. परंतु एखादी वस्तू खोटे बोलते असे कोणी म्हटले की तिच्याविषयी आदर वाटू लागतो, कारण खोटे बोलायला आधी बोलता यावे लागते. भाच्याने समजावून सांगितले ते असे. गिऱ्हाईक मजकूर आणि फोटो घेऊन येते. संगणकावर कोरलमध्ये बसून पोरगा त्याची रचना करतो. पण त्या रचनेत ठिपके नसतात. असतात त्या निव्वळ आज्ञा. येथून तेथवर वळण घ्या, आतला भाग अमुक रंगाने भरा, त्यावर हे अक्षर ठेवा, त्याखाली सावली पाडा. अशा आज्ञा लिहिण्यासाठी अमेरिकेतील अ‍ॅडोबी कंपनीने १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट नावाची एक भाषाच तयार केली, आणि पुढे १९९३ साली तिच्यातूनच पीडीएफ निघाली, जी आता लग्नपत्रिकेपासून सातबाऱ्यापर्यंत सर्वत्र आपल्या परिचयाची झाली आहे. उलट यंत्राला ह्या भाषेचा गंध नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: येथे थेंब टाक, येथे टाकू नको. ह्या दोघांच्या मध्ये जो बसतो, एकाचे ऐकतो आणि दुसऱ्याला सांगतो, वळणाचे ठिपके आणि रंगाचे चार शायांत वाटप करतो, तो रिप. इंग्रजीतही पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्या ह्या भागाला दुभाषा अशाच अर्थाचा शब्द आहे, हे कळले तेव्हा मला जुन्या दफ्तरांतील चिटणीस आठवले. मालकाने तोंडी दोन वाक्ये बोलावीत, चिटणिसाने त्यांचा मसुदा करावा, कारकुनाने तो मोडीत उतरवावा, आणि अखेर शंभर कोसांवरच्या मामलेदाराच्या हाती जो कागद पडेल तोच हुकूम. मालकाच्या मनात काय होते ह्याला मग किंमत नाही.

आणि मध्यस्थाच्या हाताने काय होऊ शकते, हे मराठी माणसाला कोणी नव्याने शिकवायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागे ‘धरावे’ ह्या आज्ञेतील एका अक्षराचा फेर होता, ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला किती उतरते ते इतिहासकारांनी पाहावे, पण भाषेने ती केव्हाच मान्य करून टाकली आहे. ‘ध’चा ‘मा’ आमच्या ह्या बोळातही होतो, फक्त रक्त सांडत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर अक्षरांच्या रेषा करून न घेता, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘कर्व्ह’ न करता, तसाच पुढे गेला, आणि वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला, की वेलांट्या आणि रफार यांची पळापळ होते. वाढदिवसाच्या ‘हार्दिक’ शुभेच्छांचे ‘हादिर्क’ होते. असा एक फलक ह्या दुकानातून छापून गेला, चौकात चढला, आणि ज्यांचा वाढदिवस त्यांनी दिवसभर त्याखाली उभे राहून हार स्वीकारले. सायंकाळी कोणा शाळकरी मुलाने ती चूक दाखवली. भाच्याने पैसे परत केले आणि त्या रात्रीपासून नव्या रिपच्या शोधाला लागला. खरे पाहता त्या चुकीत रिपचा दोष अर्धाच होता. फॉन्ट सोबत न पाठवणाऱ्याचा अर्धा. पण मनुष्य एकदा चिटणीस बदलायचा म्हणाला की जुन्या चिटणिसाच्या माथी सगळेच येते.

शोध म्हणजे मोठा प्रपंच निघाला. यंत्रे तयार करणारेच काही वेळा आपला दुभाषा सोबत देतात: जपानच्या रोलंडच्या यंत्राबरोबर व्हर्सावर्क्स येते, मिमाकीबरोबर रास्टरलिंक. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या चिनी यंत्रांबरोबर बहुधा फोटोप्रिंट किंवा मेनटॉप असते. ह्यांशिवाय स्वतंत्र घराणी आहेत, जी कोणाच्याही यंत्राची चाकरी पत्करतात. त्यांतल्या एकाचे नाव ऑनिक्स, म्हणजे एक रत्न. दुसऱ्याचे वॉसॅच, ही एक पर्वतरांग. तिसऱ्याचे काल्डेरा, म्हणजे ज्वालामुखीचे खचलेले मुख. रंगाचे ठिपके मोजणाऱ्या कारकुनांना अशी भूगर्भातील नावे का दिली असतील, ह्याचा विचार करीत मी एक दुपार घालवली. काल्डेरा फ्रान्सचे. उरलेली दोन्ही अमेरिकेतील युटा प्रांतातल्या सॉल्ट लेक सिटीची, आणि वॉसॅच ही त्याच शहराच्या उशाशी असलेली डोंगररांग. पोस्टस्क्रिप्टच्या जनकांपैकी एक, जॉन वॉर्नॉक, ते शिकले तेही युटा विद्यापीठात. खाऱ्या सरोवराच्या काठी एकाच विद्येची अशी वस्ती का व्हावी? पैठणला पैठणी आणि इचलकरंजीला माग, तसेच काहीसे असेल. विद्यांनाही गावकी असते.

मोबदल्याची रीतही दोन प्रकारची. पूर्वी एकदा रक्कम मोजली की डोंगल नावाची एक बोटाएवढी किल्ली मिळे. ती संगणकाला लावली की रिप चालू, काढली की बंद. आणि ती हरवली तर दुकानदाराची जी अवस्था होई ती सनद गमावलेल्या इनामदाराची. आता पुष्कळ ठिकाणी दर महिन्याला किंवा दर वर्षाला वर्गणी भरायची. म्हणजे पूर्वीचे ते वतन, आणि आताचा हा मक्ता. वतनात सुरक्षितता आहे, पण वतनदार आळसावतो, आणि नवी यंत्रे, नव्या शाया आल्या की जुनी सनद त्यांना ओळखत नाही. मक्त्यात नवेपणा आहे, पण हप्ता चुकला की कचेरीला कुलूप. भाच्याला वतन हवे होते. त्याचा हिशेबनीस मित्र मक्त्याच्या बाजूचा होता. दोघांचा वाद मी तीन संध्याकाळी ऐकला आणि तिन्ही वेळा शेवटी जो बोलला त्याचे मला पटले. तिसरा मार्गही होता, आणि तो दाखवणारा विक्रेता खिशातून पेनड्राइव्ह काढून अगदी वडीलकीच्या सुरात म्हणाला होता की सगळे हेच वापरतात. ती चोरीची प्रत भाच्याने एकेकाळी वापरलेलीही होती. ऐन गणपतीत ती बंद पडली, तेव्हा दाद मागायला कोणती कचेरी नव्हती.

हे सर्व चालू असता दाजी स्टुलावर बसून होते. एकदाच त्यांनी विचारले, “ह्ये रिप करतंय काय नेमकं?” भाच्याने मोठ्या फलकाचे उदाहरण दिले. चाळीस फूट बाय वीस फुटांचे होर्डिंग. इंचाला ७२ इतकेच कण धरले तरी सुमारे साठ कोटी कण होतात, आणि इंचाला ७२० धरले तर त्याच्या शंभरपट, सहा हजार कोटी. एवढे गणित बसवायचे. शिवाय यंत्राची रुंदी दहा फूट, म्हणून चित्राच्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येकीला जोडापुरती किनार सोडायची, आणि उरलेल्या रोलवर लहान कामे अशी खेचून बसवायची की वीतभर फ्लेक्स वाया जाऊ नये. दाजींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हंजे चौकोन टाकतंय.” आणि ते खरेच होते. हातभर फोटोवर सुतळीने, खडूने चौकोन आखायचे, तितकेच चौकोन भिंतीएवढ्या कापडावर आखायचे, आणि एकेका घरातले तेवढेच पाहत, बाकी नटीचा चेहरा विसरून, एक एक घर भरत जायचे. परांचीवर बसून, डोळ्यांसमोर फक्त एक नाकपुडी असताना, ती नाकपुडी चाळीस फुटांवरून कशी दिसेल हे मनात धरून रंग द्यायचा. बाबूराव पेंटरांच्या ह्या गावात ही विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे बोलण्यावाचून गेली. मकबूल फिदा हुसेन ह्यांनी मुंबईत तरुणपणी सिनेमाचे फलक रंगवले तेही असेच, परांच्यांवर चढून. जवळून पाहिले तर त्या नाकपुडीत पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या रंगाचे फटकारे दिसत. हिरवा रंग नाकात कशाला, असे मी लहानपणी दाजींना विचारले होते. त्यांनी मला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभे केले होते.

डोळ्याच्या दुबळेपणावर ही सगळी इमारत उभी आहे. सामान्य माणसाचा डोळा अंशाच्या साठाव्या भागाहून लहान फरक ओळखू शकत नाही, म्हणजे तीस फुटांवरून पाहताना सुमारे अडीच मिलिमीटरांच्या आत असलेले दोन ठिपके त्याला एकच वाटतात. आपली दृष्टी अधिक तीक्ष्ण असती, तर जगात एकही होर्डिंग उभे राहिले नसते. जिकडेतिकडे नुसती मोहरी. आणि हा दुबळेपणा हेरून त्याच्यावर पोट भरणारे काही आजच निपजले नाहीत. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर जाऊन बसल्या. ते तंत्र दगडाचे. एकेका रंगाला एकेक दगड; आणि मूळ तैलचित्रासमोर बसून, ह्या साडीच्या जांभळ्यात तांबडा किती, निळा किती, गालावरच्या छायेत पिवळा कोठवर, हे निव्वळ नजरेने उकलून, प्रत्येक दगडावर त्या त्या रंगापुरतेच ठिपके हाताने टिपणारे कारागीर असत. त्यांच्यासमोर सरस्वती कधीच पूर्ण नसे. एकाच्या दगडावर तिचा तांबडेपणा, दुसऱ्याच्या दगडावर तिचा निळेपणा. कागद सगळ्या दगडांखालून फिरून आला की ती प्रकट व्हावयाची. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ह्याच छपाईच्या उद्योगात होते आणि १९०९ साली छपाईची नवी तंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. हलत्या चित्राच्या आधी त्यांनी स्थिर चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी फोडून पाहिले होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते, जरी तिचा अर्थ विचारला तर मला सांगता येणार नाही.

ह्या दगडावरच्या कारागिराची जागा आता गणिताने घेतली आहे, आणि त्या गणितातील एका रीतीने मला वेड लावले. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग अशा दोघांनी ती १९७६ साली मांडली. अडचण अशी की यंत्राला अर्धा थेंब टाकता येत नाही. एखाद्या जागी चाळीस टक्के निळा हवा असेल, तर तेथे एक तर पूर्ण ठिपका पडेल, नाही तर काहीच पडणार नाही. म्हणजे काहीही केले तरी चूक होणारच. ही चूक दडपायची नाही, असे ह्या दोघांनी ठरवले. ती शेजाऱ्यांत वाटून टाकायची. चुकीचे सोळा भाग करायचे. त्यांतले सात उजव्या हाताच्या शेजाऱ्याला, पाच खालच्याला, तीन खाली डावीकडच्याला आणि एक खाली उजवीकडच्याला. मग तो शेजारी स्वतःचा निर्णय करताना आलेला वाटा हिशेबात धरतो, त्याची चूक पुन्हा पुढच्यांत वाटतो, आणि असे ते ओझे साठ कोटी घरांतून सरकत सरकत जाते. सात, पाच, तीन आणि एक. सोळा! हे ऐकताच दाजी स्टुलावरून हसले. आम्हा दोघांचेही बालपण अशा माणसांच्या मांडीवर गेले ज्यांचा रुपया सोळा आण्यांचा होता, आणि दशमान नाणी आल्यावरही ज्यांनी भावकीतल्या जमिनीचे वाटे, लग्नखर्चाचे वाटे, कोर्टखर्चाचे वाटे आण्यांतच सांगितले. सात आणे थोरल्याने सोसायचे, पाच आणे मधल्याने. धाकट्याच्या वाट्याला एकच आणा, पण तोही चुकवायचा नाही. वर राहणारा, डावीकडचा, म्हणजे ज्यांचा निर्णय आधीच होऊन गेला आहे, त्यांच्याकडे मात्र चूक मागे पाठवता येत नाही. ही अट मला घरगुती वाटली.

अखेर तीन रिप पंधरा-पंधरा दिवसांच्या बोलीवर अजमावून पाहायचे ठरले. त्यांची नावे मी सांगत नाही, कारण पंधरा दिवसांत कोणाचे चारित्र्य कळते असे मला वाटत नाही. शिवाय जुन्या संगणकावर, जुन्या हेडवर घेतलेल्या परीक्षेत परीक्षार्थी नापास झाला की परीक्षक, हेही सांगणे कठीण. एकाने अक्षरांमागच्या मऊ सावलीभोवती फिकट पांढरी चौकट काढली, जणू सावलीला त्याने पाकिटात घालून आणले होते. पारदर्शक भाग वाचण्याची त्याची रीत जुनी, असे निदान झाले. दुसऱ्याचे चेहरे सुरेख आले, पण होर्डिंग गिळायला त्याला इतका वेळ लागे की तेवढ्यात कामगार चहा पिऊन, पान खाऊन, भांडून परत येत. तिसरे जलद, आज्ञाधारक, कमी बोलणारे. आणि तिघांनीही निळ्यापाशी मान टाकली.

एप्रिल जवळ आला होता. चौदा तारखेच्या जयंतीचे फलक म्हणजे ह्या बोळातील दुकानांचा मोठा हंगाम, आणि त्या फलकांचा प्राण म्हणजे तो निळा. मंडळाचे कार्यकर्ते येत, पडद्यावर निळा पाहत, समाधानाने मान हलवीत, आणि छापलेले कापड पाहिले की गप्प होत. निळ्याचा जांभळा झालेला असे. ह्यात कोणाची लबाडी नाही. पडदा प्रकाशाने निळा करतो आणि यंत्राजवळ निळी शाई मुळी नसतेच. आकाशी आणि गुलाबी एकमेकींवर टाकून तो भास निर्माण करायचा, आणि गुलाबी हात थोडा सैल सुटला की जांभळा. पडद्यावरचे काही रंग शाईच्या राज्यात नाहीतच, ते त्या सीमेपलीकडे राहतात. रिपने अशा रंगाला सीमेच्या आत कोठे आणून बसवायचे, सगळ्या चित्राला थोडे थोडे आत ओढायचे की फक्त त्या एकाला, हाच तर त्याच्या कौशल्याचा प्रश्न. ते समजावून सांगायचे कोणाला? एक वयस्क कार्यकर्ते, निवृत्त शिक्षक, फलकाची कडा चिमटीत धरून भाच्याला एवढेच म्हणाले, “बाळ, हा आमचा निळा न्हाई.” माझ्या कानांवर रंगाविषयीची इतकी अचूक टीका पूर्वी आली नव्हती.

मग यंत्राच्या रंगांचा ताळा, म्हणजे प्रोफाइल, तयार करवण्याचे ठरले. एक तरुण तंत्रज्ञ पेटी घेऊन आला. त्याने फ्लेक्सवर शेकडो रंगीत चौकोन छापून घेतले, ते रात्रभर वाळू दिले, आणि सकाळी हातातले मापकयंत्र एकेका चौकोनावरून असे फिरवीत गेला की आजारी माणसाच्या छातीवर वैद्याने कान लावावा. शाई किती पाजायची ह्याची मर्यादाही त्याने ठरवून दिली. चारही शाया पुऱ्या सोडल्या तर त्याला चारशे टक्के म्हणतात, आणि फ्लेक्सला तेवढे पचत नाही. ते ओघळते, चिकटते, गुंडाळीत एकाचा गाल दुसऱ्याच्या पाठीला लागतो. दाजी त्याच्या मागे मागे चालत होते. मापकयंत्र जो आकडा दाखवी त्याच्या आधी ते पुटपुटत, “ह्यात पिवळा जास्ती.” पुष्कळदा ते बरोबर येत. तंत्रज्ञ पोरगा गुणी. त्याने एकदाही स्मित केले नाही. उलट काम संपल्यावर त्याने मापकयंत्र दाजींच्या हाती दिले आणि त्यांनी ते स्वतःच्या तळहातावर टेकवून, आकडे वाचता येत नसताना, पुष्कळ वेळ पाहिले.

परवा निर्णयाचा दिवस होता. तिन्ही रिपमधून तीन-तीन छटांच्या निळ्या पट्ट्या काढल्या, पाठीमागे खडूने क्रमांक घातले, आणि कोणती कोणाची हे भाच्याने एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी गल्ल्यात टाकली. ट्यूबलाइटखाली दाजींनी सातवी पट्टी निवडली. मी चौथीकडे कललो होतो. दाजींना माझे म्हणणे खोडायचे होते म्हणून, की स्वतःचेच तपासायचे होते म्हणून, त्यांनी नवाच्या नऊ पट्ट्या उचलून बाहेर बोळात नेल्या आणि समोरच्या गॅरेजच्या दारावर सुतळीने ओळीने टांगल्या. दुपारच्या उन्हात सातवी काळवंडली. चौथी उजळली, पण तिच्यात जांभळ्याची एक कड डोकावू लागली जी आत कोणालाच दिसली नव्हती. दुसरी, जिच्याकडे आम्ही ढुंकूनही पाहिले नव्हते, ती अचानक बोलू लागली. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. एकाने विचारले, कशाची तोरणे? दाजी पलीकडच्या फरशीवर जाऊन उभे राहिले, डोळ्यांवर हाताची झापड धरून. मग दहा पावले आणखी मागे गेले. मग परत आले. निवृत्त शिक्षकांनाही बोलावणे गेले होते, ते अजून यायचे होते.

आतून भाच्याचा फोन वाजत होता. विक्रेत्याला आजच उत्तर हवे होते. सवलतीची मुदत संपत होती.

“आबा, सांगा की. काय ठरवायचं?”

“थांब,” दाजी म्हणाले. त्यांची नजर दाराकडेच होती. “फलक दिवसा न् रात्री दोन्ही वक्ताला लागतोय. दिवं लागू देत.”

भाच्याने फोन बंद करून खिशात टाकला आणि दोन खुर्च्या बाहेर आणल्या. आम्ही बसलो. ऊन दारावरून वर सरकत गेले, प्रथम पहिल्या तीन पट्ट्या सावलीत आल्या, मग पुढच्या, आणि वारा सुटला तशा त्या सुतळीवर थोड्या थोड्या वळू लागल्या, त्यामुळे कोणती दुसरी आणि कोणती तिसरी हे मला सांगता येईनासे झाले. कोपऱ्यावरच्या खांबावरचा दिवा अजून लागला नव्हता.